छायाचित्रण व चित्रपट तंत्रज्ञानातील त्वचावर्ण

छायाचित्र, चित्रपट, दूरचित्रवाणी आणि अलीकडची संगणकीय प्रतिमानिर्मिती या माध्यमांत माणसाच्या कातडीचा रंग किती खरेपणाने उमटतो, हा प्रश्न वरवर पाहता रसायनशास्त्राचा आणि प्रकाशशास्त्राचा वाटतो. परंतु ही साधने घडवताना कोणाचा चेहरा प्रमाण धरला गेला, यावरच त्याचे उत्तर बहुतांशी ठरत आले आहे. विसाव्या शतकाच्या मोठ्या कालखंडात हा प्रमाण चेहरा गोऱ्या स्त्रीचा होता. परिणामी सावळी आणि काळी माणसे पडद्यावर दिसली तरी त्यांच्या चेहऱ्यावरचे बारकावे हरवून गेले. मनोरंजन उद्योगातील विविधतेची चर्चा बहुधा कलावंतांची निवड आणि कथानके यांच्याभोवती फिरते. कॅमेरा, कच्ची फिल्म आणि प्रयोगशाळा यांतही हा भेद रुजलेला होता, ही गोष्ट अभ्यासकांनी पुष्कळ उशिरा गांभीर्याने घेतली.

कातडीचा वर्ण मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्याच्या प्रमाणावर अवलंबून असतो. दूरचित्रवाणीचे तंत्रज्ञ रंगसंकेत तपासण्यासाठी व्हेक्टरस्कोप नावाचे उपकरण वापरतात. त्यावर जगातील बहुतेक सर्व माणसांच्या कातडीचा रंग जवळजवळ एकाच रेषेवर पडतो, कारण कातडीखालचे रक्त सगळ्यांचे सारखेच असते. खरा फरक पडतो तो उजळपणात. छायाचित्रणात प्रकाशाचे माप ज्या 18 टक्के परावर्तनाच्या करड्या रंगावरून धरतात, त्यापेक्षा गोरी कातडी साधारण एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, उजळ असते आणि गडद कातडी त्याच्या बऱ्याच खाली जाते. गोरा आणि काळा असे दोन चेहरे एकाच चौकटीत आले, त्यात एखाद्याच्या अंगात पांढरा सदरा असला, की उजेड आणि काळोख यांतील हे सगळे अंतर सामावून घेणे जुन्या रंगीत फिल्मला जड जाई. छायालेखकाला कोणत्या तरी एका चेहऱ्यासाठी माप धरावे लागे आणि ते बहुधा गोऱ्या चेहऱ्यासाठी धरले जाई. ही अडचण भौतिकशास्त्राची खरी, पण तिची किंमत कोणी मोजायची हा निर्णय माणसांचा होता.

या निर्णयाची सर्वांत ठळक खूण म्हणजे ‘शर्ली कार्ड’. 1954 मध्ये अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कारवाईनंतर ईस्टमन कोडॅक कंपनीला रंगीत फिल्म धुण्याचे व छापण्याचे काम स्वतंत्र प्रयोगशाळांसाठी खुले करावे लागले. या प्रयोगशाळांच्या छपाई यंत्रांची जुळणी नीट व्हावी म्हणून कंपनी त्यांना एक नमुना छायाचित्र पाठवू लागली. त्यात रंगीबेरंगी पोशाखातील गोरी तरुणी असे. कोडॅकच्या स्टुडिओत काम करणाऱ्या शर्ली नावाच्या मॉडेलवरून या कार्डाला हे नाव पडले आणि पुढे मॉडेल बदलत गेल्या तरी तेच टिकले. तिची कातडी नमुन्याप्रमाणे छापली गेली की यंत्र ठीक, असा दंडक होता. त्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या इतर सर्व चेहऱ्यांना याच मापात बसावे लागे. कॅनडातील माध्यम-अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हा इतिहास तपशिलाने मांडला असून या विषयावरचे नंतरचे बरेचसे लेखन त्यांच्या कामावर उभे आहे.

तक्रारी पहिल्यापासून होत्या. अमेरिकेतील शाळांत गोरी आणि काळी मुले एकत्र शिकू लागली, तेव्हा वर्गाच्या सामूहिक छायाचित्रांत गोऱ्या मुलांचे चेहरे स्वच्छ आणि काळ्या मुलांचे मात्र फक्त डोळे व दात दिसतात, असे पालकांनी सांगितले. फिल्मची रासायनिक रचना बदलण्यास कंपनी प्रवृत्त झाली ती मात्र वेगळ्याच ग्राहकांमुळे, असे रॉथ यांना कोडॅकच्या एका माजी अधिकाऱ्याने सांगितले. चॉकलेट बनवणाऱ्यांना काळ्या आणि दुधाळ चॉकलेटमधला फरक जाहिरातीत दिसत नव्हता. लाकडी सामान विकणाऱ्यांना लाकडाच्या गडद छटा एकसारख्या येत असल्याची खंत होती. आपल्या लेकरांचे चेहरे ओळखू यावेत या आयांच्या मागणीपेक्षा चॉकलेटच्या जाहिरातीचे वजन अधिक पडले, ही या इतिहासातली सर्वांत बोचणारी गोष्ट होय. पुढे तपकिरी छटा अधिक बारकाईने टिपणाऱ्या फिल्म बाजारात आल्या आणि 1990 च्या दशकात वेगवेगळ्या वंशांच्या स्त्रिया एकत्र असलेली नमुनापत्रेही निघाली. दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात फिलिप्सच्या एलडीके मालिकेतील कॅमेऱ्यांत उजळ आणि गडद कातडीची जुळणी स्वतंत्रपणे करण्याची सोय आली. दोन भिन्न वर्णांचे निवेदक शेजारी बसवणाऱ्या कार्यक्रमांसाठी ती फार उपयुक्त ठरली.

तंत्रज्ञान सदोष असणे ही एक बाब झाली. निर्दोष तंत्रज्ञानही दडपशाहीच्या कामी येऊ शकते. पोलरॉइड कंपनीची झटपट छायाचित्रणाची सामग्री दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीत कृष्णवर्णीयांवर लादलेल्या ओळखपुस्तिकांसाठी वापरली जात होती. ही गोष्ट 1970 मध्ये कंपनीतच काम करणाऱ्या रसायनतज्ज्ञ कॅरोलिन हंटर आणि छायाचित्रकार केन विल्यम्स या दोन आफ्रिकन-अमेरिकन कर्मचाऱ्यांच्या लक्षात आली. त्यांनी सहकाऱ्यांना संघटित करून बहिष्काराची चळवळ उभारली आणि तिच्यापायी नोकरी गमावली. कंपनीने 1977 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून अंग काढून घेतले. कारखान्याच्या आत वेगळ्या अनुभवाची माणसे असली तर काय दिसू शकते, याचे हे उदाहरण आहे.

भारतात हा प्रश्न निराळ्या वळणाने आला. उटकमंड येथील सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स कारखान्यात कृष्णधवल फिल्म तयार होत असली, तरी चित्रपटांसाठीची रंगीत कच्ची फिल्म मुख्यतः परदेशातूनच येई. म्हणजे सावळ्या माणसांच्या देशातले चेहरे गोऱ्यांसाठी जुळवलेल्या सामग्रीवर टिपले जात. याला आपल्याकडील गोरेपणाच्या हव्यासाची जोड मिळाली. जातीच्या उतरंडीशी जडलेला हा हव्यास फिल्मपेक्षा कितीतरी जुना आहे, त्यामुळे सगळा दोष आयात मालावर टाकता येत नाही. नायक-नायिकांना उजळ रंगभूषा आणि गावकुसाबाहेरच्या भूमिकेसाठी गोऱ्याच अभिनेत्रीला काळवंडवणारी रंगभूषा, असा दुहेरी प्रघात हिंदी आणि मराठी दोन्ही पडद्यांवर रूढ झाला. स्मिता पाटील यांचा सावळा चेहरा प्रथम घरोघरी पोचला तो मुंबई दूरदर्शनच्या कृष्णधवल बातम्यांतून. दूरदर्शनवर रंग आला तो पुढे 1982 मध्ये. बातम्यांनंतर चित्रपटात स्मिता पाटील यांना मिळालेली मान्यता हा वरील प्रघाताला गेलेला मोठा तडा होता, पण प्रघात मोडला नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फॅण्ड्री’ने (2013) काळ्या वर्णाचा किशोर केंद्रस्थानी आणला, त्या भूमिकेसाठी तशाच वर्णाचा मुलगा निवडला आणि वर्ण व जात यांची गाठ उघड करून दाखवली. जाहिरातींच्या क्षेत्रात भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2014 मध्ये गोरेपणाच्या प्रसाधनांसाठी मार्गदर्शक नियम जारी केले. गडद वर्णाची व्यक्ती दुःखी, अनाकर्षक वा अपयशी दाखवू नये, असे त्यांत म्हटले आहे.

डिजिटल कॅमेऱ्याने काही जुन्या मर्यादा खरोखरच दूर केल्या. 2010 मध्ये आलेल्या ॲरी ॲलेक्सासारख्या कॅमेऱ्यांचा संवेदक उजेडापासून काळोखापर्यंतची सुमारे 14 स्टॉपची व्याप्ती टिपतो. त्यामुळे काळ्या कातडीतले तपशील आणि खिडकीबाहेरचे ऊन एकाच चौकटीत टिकू शकते आणि नंतर कलरिस्ट, म्हणजे रंग जुळवणारा तंत्रज्ञ, संगणकावर प्रत्येक चेहऱ्याचा उजळपणा स्वतंत्रपणे सावरू शकतो. तरीही कॅमेऱ्याने प्रकाशयोजनेचे ज्ञान अनावश्यक ठरवलेले नाही. गडद कातडी प्रकाश अधिक शोषते, पण तिच्या पृष्ठभागावरची चकाकी फार सुंदर उमटते. म्हणून तिच्यावर दिव्यांचा मारा वाढवण्याऐवजी मोठ्या, मऊ पृष्ठभागावरून परतवलेला प्रकाश टाकावा, म्हणजे चेहऱ्याची घडण त्या प्रतिबिंबातून स्पष्ट होते. अमेरिकन छायालेखिका एव्हा बर्कॉफ्स्की यांनी दूरचित्रवाणी मालिकेसाठी हीच रीत वापरली आणि कलाकारांच्या कातडीला ओलसर तजेला राहील अशी रंगभूषा सुचवली. भारतीय छायालेखनाला परतवलेल्या प्रकाशाची ओळख नवी नाही. सुब्रत मित्रा यांनी 1950 च्या दशकातच बनारसच्या घरातील अंगणाचा उजेड स्टुडिओत उभा करण्यासाठी वर कापड ताणून त्यावरून प्रकाश परतवला होता आणि मुंबईतील चित्रीकरणस्थळांवर थर्माकोलची पांढरी पाटी आजही त्याच कामाला असते. ही परंपरा सावळ्या चेहऱ्यांसाठी जाणीवपूर्वक वापरण्यास पुष्कळ वाव आहे. ब्रॅडफर्ड यंग यांना 2017 मध्ये छायालेखनाचे ऑस्कर नामांकन मिळाले, तेव्हा ते या गटातील पहिले आफ्रिकन-अमेरिकन ठरले. हे पारितोषिक 1920 च्या दशकापासून दिले जात आहे, एवढे लक्षात घेतले तरी कॅमेऱ्यामागची विषमता कळते.

संगणकीय दृष्टीच्या, म्हणजे संगणकाने प्रतिमा ओळखण्याच्या, युगात शर्ली कार्डाची जागा प्रशिक्षणासाठी गोळा केलेल्या प्रतिमासंचांनी घेतली आहे. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी 2018 मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. त्यासाठी त्यांनी आफ्रिकेतील तीन आणि युरोपातील तीन देशांच्या 1,270 संसद सदस्यांची छायाचित्रे वापरली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण जास्तीत जास्त 0.8 टक्के होते, तर गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते 34.7 टक्क्यांपर्यंत गेले. मजकुरावरून चित्र काढणाऱ्या प्रणालींतही हा कल दिसतो. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने 2023 मध्ये स्टेबल डिफ्यूजन या अशाच प्रणालीने तयार केलेल्या 5,000 हून अधिक प्रतिमा तपासल्या, तेव्हा मोठ्या पगाराच्या व्यवसायांत उजळ आणि कमी पगाराच्या कामांत गडद वर्णाची माणसे अधिक आढळली. जाहिरात, वेशभूषेची रेखाटने आणि चित्रपटाचे स्टोरीबोर्ड (दृश्यांची आगाऊ रेखाटने) यांसाठी अशाच प्रणाली वापरल्या जाऊ लागल्याने हा कल पडद्यावर पोचण्याची वाट आता फार जवळची झाली आहे.

मोजण्याच्या साधनातही बदल होत आहे. वर्णासाठी दीर्घकाळ वापरली गेलेली फिट्झपॅट्रिक मोजपट्टी 1975 मध्ये, ऊन लागल्यावर कातडी कशी वागते हे ठरवण्यासाठी तयार झाली. ती आधी गोऱ्या कातडीपुरती होती आणि गडद वर्ण तिच्यात मागाहून जोडले गेले. तिच्या सहा प्रकारांत जगातील तपकिरी छटा दाटीवाटीने बसवल्या जातात. हार्वर्डमधील समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी सुचवलेली दहा छटांची मोजपट्टी गूगलने 2022 मध्ये सर्वांसाठी खुली केली. त्याआधी 2020 मध्ये याच कंपनीने आपल्या फोनच्या कॅमेऱ्यातील चेहरा आपोआप गुळगुळीत करणारी सोय मुळात बंद ठेवण्याचा निर्णय घेतला होता आणि 2021 मध्ये गडद वर्ण नीट टिपण्यासाठी निरनिराळ्या वंशांच्या छायाचित्रकारांच्या मदतीने कॅमेऱ्याची जुळणी सुधारली होती.