पिल्लू मुद्दाम घाण करत नाही

आमच्या वरच्या मजल्यावर पॉमेरेनियनचं पिल्लू आलंय, दोन महिन्यांचं. परवा त्यानं सोफ्यापाशी शू केली. काकांनी त्याचं नाक ओल्या फरशीवर घासलं आणि मला म्हणाले, "याला सगळं कळतं. बघ, कसं तोंड पाडून बसलंय!"

नाही कळत. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर नेमकं हेच तपासलं. मालकानं समोर खाऊ ठेवून 'खायचं नाही' म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परतल्यावर कुत्र्यानं खाल्लं की नाही, हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. 'अपराधी' चेहरा दिसला तो मालक रागावला तेव्हा. खाल्लं होतं की नाही, यानं फरक पडला नाही. तो चेहरा भीतीचा असतो.

आणि चूक तरी कसली? नवजात पिल्लाला आपणहून शूसुद्धा करता येत नाही. आई त्याला मागून चाटते, तो स्पर्श मज्जारज्जूच्या खालच्या भागात पोचतो आणि तिथूनच मूत्राशयाला हुकूम सुटतो. मेंदूचा या कामात हात नसतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू स्वतः शू करू लागतं, झोपायच्या जागेपासून बाजूला जाऊन. आता मूत्राशयाची भिंत ताणली की खबर मज्जारज्जूतून वर, मेंदूच्या देठातल्या पॉन्स या भागात जाते. तिथल्या चिमुकल्या केंद्राला 'बॅरिंग्टनचं केंद्रक' म्हणतात, कारण बॅरिंग्टन या संशोधकानं १९२५ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून ते दाखवून दिलं. हे केंद्र एकाच क्षणी दोन उलट कामं करतं: भिंतीतला डिट्रुसर स्नायू आवळतं आणि तोंडाशी तोटीसारखा घट्ट बसलेला स्नायू सैल सोडतं. यातलं एक जरी मागे-पुढे झालं तरी मूत्राशय नीट रिकामं होणार नाही. मला ही जोडणी फार सुंदर वाटते. पण 'आत्ता नको, थांब' हा निरोप त्याच्याही वरून, पुढच्या मेंदूतून यावा लागतो, आणि तो पक्का व्हायला काही महिने जातात. त्यातून लहान जातींचा चयापचय वजनाच्या मानानं वेगवान आणि मूत्राशय इवलंसं.

म्हणून रागवायचं नाही, वेळ साधायची. झोपेतून उठल्यावर, खेळ संपल्यावर, खाल्ल्यावर. जठर ताणलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो, त्यामुळे जेवणानंतर थोड्याच वेळात शी होते. तेव्हा ठरलेल्या जागी न्यायचं आणि शू संपताक्षणी तिथंच खाऊ द्यायचा. घरात आल्यावर दिलेलं बिस्कीट हे घरात येण्याचं बक्षीस ठरतं. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर नेऊ नये, पार्व्हो या जीवघेण्या विषाणूचा धोका असतो. गच्चीत मातीचा ट्रे ठेवावा. दोन-अडीच महिन्यांच्या वयात पायाखाली काय लागतं त्याची आवड बनत असते. आज वर्तमानपत्राची सवय लावली, तर उद्या ती मोडून मातीची लावावी लागेल.

घरात शू झालीच, तर फिनेलच्या वासावर भिस्त ठेवू नका. तो वास आपल्या नाकाला पुरतो, कुत्र्याच्या नाही. एन्झाइमवाला क्लीनर वापरा. अमोनिया असलेला नको, कारण मूत्रातला युरिया कुजूनही अमोनियाच तयार होतो.

आणि कुत्र्यांनी घाण करू नये म्हणून फाटकांवर टांगलेल्या त्या लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या कृपा करून काढा. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या. लाल त्याला मळकट दिसतो. निळा दिसतो, पण त्याला भिण्याचं काही कारण नाही. जागा तो नाकानं निवडतो.

काकांनी आता फ्रीजवर कागद चिकटवलाय, वेळा लिहायला. कालची नोंद: गच्चीत सात, घरात दोन.