घरी शिकणारी मुलं आणि कायद्यातलं एक ‘कर्तव्य’

मुलाच्या कलाने घेणं, हाताने करून शिकू देणं आपल्याकडे जुनंच आहे. १९४५ पासून पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीच्या बालवाड्यांत महागड्या युरोपीय साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आले. मुलं येईनात, तेव्हा शिक्षिकाच वस्तीवरच्या अंगणात जाऊन बसल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथलाच. १९७५ च्या केंद्रीय योजनेने तो देशभर नेला. पुढे खाऊ, लसी आणि नोंदवह्यांच्या पसाऱ्यात त्यातलं शिकणं मागे पडलं, याची हळहळ वाटते.

आजच्या होमस्कूलिंगवाल्या, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांना हा वारसा क्वचितच ठाऊक असतो. त्यांच्या तोंडी असलेला ‘अनस्कूलिंग’ (ठरलेल्या अभ्यासक्रमाशिवाय, मुलाच्या ओढीने शिकणं) हा शब्द १९७० च्या दशकातल्या अमेरिकेतला.

खरा गुंता झाला तो १ एप्रिल २०१० ला, शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर. कलम १० म्हणतं की ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. मात्र ते पाळलं नाही तर पालकाला काय शिक्षा, याबद्दल कायद्यात अक्षरही नाही. विनामान्यता शाळा चालवणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड आहे. पण आई-वडील आणि दोन मुलं असलेलं घर ‘शाळा’ कसं ठरेल? २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात केंद्राने सांगितलं, की स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही. मग काही काळाने भूमिका बदलली. पालक तेव्हापासून अधांतरीच आहेत. माझ्या मते हा त्यांच्यावर अन्याय आहे: हो म्हणा नाहीतर नाही म्हणा.

सहाच्या आतल्या मुलांना ही सक्ती मुळी लागूच नाही. चार वर्षांची मुलगी ओट्याशी स्टुलावर उभी राहून वाटाणे सोलते, दहा-दहाचे ढीग लावते, एक ढीग खाऊन टाकते आणि पुन्हा मोजते, तेव्हा ती कुठलंच कलम मोडत नसते. तरी ‘नर्सरीत नाही घातलं?’ हे सगळ्यात जास्त तिच्याच आईला विचारलं जातं.

२०२० च्या टाळेबंदीत मोबाईलवरच्या तासांनाही लोक होमस्कूलिंग म्हणू लागले आणि शब्द आणखी गढूळ झाला. वेळापत्रक, गृहपाठ, हजेरी सगळं शाळेचंच होतं.

पुढची वाट आहे: चौदा पूर्ण झाली की मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं. मधल्या आठ वर्षांसाठी काही पालक मुलाचं नाव जवळच्या शाळेच्या पटावर ठेवतात.