निसर्गचित्रण : साहित्य आणि खर्च

देखावा कसा दिसेल हे कागद, रंग, वेळ आणि गिऱ्हाईक यांवरही ठरतं. यावर बराच वाद झालाय तो सतराव्या शतकातल्या डच लँडस्केपवर, म्हणजे हॉलंडमधल्या निसर्गचित्रांवर. साधारण १६२० नंतर यान व्हान गोयेन (१५९६–१६५६) आणि बरोबरीचे चित्रकार तपकिरी, करड्या, जवळजवळ एकरंगी चित्रांकडे वळले. इतिहासकार जोनाथन इस्रायल म्हणतात की १६२१ मध्ये डचांचं स्पेनशी युद्ध परत सुरू झालं, व्यापार मंदावला, रंगद्रव्यं महागली, त्यातून ही शैली आली. अर्थतज्ज्ञ जॉन मायकल मॉन्टियास यांचा रोख वेगळा आहे, त्यांच्या मते खरी बचत वेळेची होती, पातळ थर, भराभर काम, ज्या लाकडी फळीवर चित्र काढायचं तिचा रंग खालून तसाच दिसू द्यायचा, म्हणजे चित्र स्वस्त पडतं आणि मध्यमवर्गीय गिऱ्हाईक मिळतं. दुसरं मत जास्त पटतं, कारण साध्या गावठी देखाव्यांची आवड छापचित्रांत १६१० च्या दशकातच दिसते, म्हणजे युद्धाच्या आधीच.

रंगाची पत्र्याची ट्यूब १८४१ मध्ये जॉन रँड यांनी काढली आणि त्यामुळेच चित्रकार बाहेर पडले असं सर्रास सांगतात, पण इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांनी आकाशाची तैलचित्रं उघड्यावर बसून १८२१–२२ मध्येच केली होती. ट्यूबने सोय झाली, सुरुवात नाही.

नाशिकमध्ये निसर्गचित्र म्हटलं की आधी जलरंगच डोळ्यासमोर येतो, आणि इथले चित्रकार शिवाजी तुपे यांचं नाव. गोदाघाटावर ऑन द स्पॉट बसायचं तर बोर्ड, क्लिपा, पाण्याचा डबा एवढंच लागतं, तैलरंगासारखा कॅनव्हास आणि वाळायची वाट बघणं परवडत नाही. २२ × ३० इंची शीटचे चार तुकडे केले की ११ × १५ चं क्वार्टर मिळतं, शिकणारे बहुतेक त्याच मापावर काम करतात, म्हणून नारोशंकराचं देऊळ, पायऱ्या आणि पाणी एवढ्यातच बसवायची सवय लागते. साध्या कार्ट्रिज (ड्रॉइंगच्या) कागदावर दुसरा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, दिला की खालचा रंग उठतो, कागद फुगतो, मग हात आपोआप एकाच वॉशमध्ये काम संपवायला शिकतो आणि उन्हाचा पांढरा भाग कागदच सोडून दाखवतो. तीनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाच्या) जाड सुती कागदावर तीच जागा ओली करून परत परत खुलवता येते, पण एक शीट फुकट गेली की जीव हळहळतो. (घाटाचा काळा दगड काळ्या ट्यूबने मेल्यासारखा दिसतो, अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून केला तर उन्हात तापलेला वाटतो, हे दोन्ही रंग स्वस्तातलेच.)

आयातीवर निर्बंध होते त्या काळात बहुतेकांचा आधार देशी रंग होते. कॅमलिन १९३१ मध्ये शाईपासून सुरू झाली, चित्रकलेचे रंग पुढे आले. स्टुडंट ग्रेडमध्ये, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीच्या स्वस्त रंगांत, रंगद्रव्य कमी आणि भरीची पूड जास्त असते, शिवाय 'ह्यू' (मूळ रंगद्रव्याऐवजी तसाच दिसणारा) लिहिलेला सेरुलियन, म्हणजे आकाशी निळा, बहुधा थॅलो नावाचा गडद निळा आणि पांढरा मिसळून केलेला असतो, आणि थॅलो एकदा कागदात मुरला की पुसून निघत नाही, त्यामुळे पंचवटीवरचं आकाश पहिल्याच फटक्यात जमवावं लागतं.

पावसाळ्यात हवेत ओल असते, वॉश वाळत नाही, कडा पसरतात, आणि घाटावरची चित्रं धूसर होतात.