मालेगावचा स्थानिक चित्रपट

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव शहरात तिथल्याच माणसांनी, तिथल्याच प्रेक्षकांसाठी व्हिडिओ कॅमेऱ्यावर केलेल्या चित्रपटांची परंपरा. लोक तिला ‘मॉलिवूड’ म्हणतात. भाषा हिंदी-उर्दू, पण मालेगावच्या गल्लीत बोलली जाते तशी, मराठी शब्द सहज पोटात घेणारी. महाराष्ट्रातल्या चित्रपटाचा इतिहास सांगताना मुंबई, कोल्हापूर आणि पुणे इथेच थांबायची आपल्याला सवय आहे. मालेगावला वगळून तो इतिहास पुरा होत नाही.

मोसम आणि गिरणा नद्यांच्या काठचे हे शहर मुंबई–आग्रा महामार्गावर, मुंबईपासून सुमारे २८० किलोमीटरवर आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या घरात होती. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मुसलमान विणकरांनी इथे हातमाग रुजवले, पुढे त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. बारा-बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारी खटखट, नाकातोंडात जाणारे कापसाचे तंतू हे इथल्या कामगाराचे रोजचे जिणे. माग शुक्रवारी बंद राहतात. देशभर नवा चित्रपट लागतो तोही शुक्रवारीच. हातात आठवड्याची मजुरी आणि समोर मोकळा दिवस, यामुळे सिनेमाचे वेड इथे जितके मुरले तितके क्वचितच कुठे मुरले असेल.

या वेडाला चित्रपट करण्याची वाट सापडली ती व्हिडिओ पार्लरमधून, म्हणजे व्हिडिओ फिती लावून तिकिटावर चित्रपट दाखवणाऱ्या छोट्या खोल्यांमधून. शेख नासिर हे असे पार्लर चालवत. इंग्रजी आणि मूक विनोदी चित्रपट लावताना प्रेक्षक कुठे रेंगाळतो, कुठे उसळतो हे त्यांना रोज समोर दिसे. दोन व्हीसीआर (व्हिडिओ फिती चालवणारी आणि त्यांवर मुद्रण करणारी यंत्रे) जोडून त्यांनी चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली यांच्या चित्रपटांतले तुकडे एकमेकांना जोडायला सुरुवात केली. संकलनाचे शिक्षण त्यांना मिळाले ते असे, प्रेक्षकांच्या शिट्ट्या आणि चुळबुळ ऐकत. मॉलिवूडबद्दल लिहिणारे बरेच जण ‘जुगाड’ या शब्दावर थांबतात; मला ही गोष्ट त्याहून मोठी वाटते. चित्रपट लावणारा, कापणारा आणि प्रेक्षकाचा निवाडा ऐकणारा इथे एकच माणूस होता. पुढे चित्रपटांच्या चोरट्या प्रतींवर पोलिसांची कारवाई झाली तेव्हा त्यांनी स्वतःचाच चित्रपट करायचे ठरवले.

‘मालेगाव के शोले’ (२०००) हा तो चित्रपट. खर्च सुमारे ५० हजार रुपये. मूळ हिंदी ‘शोले’ची कथा सगळ्यांना तोंडपाठ होती, त्यामुळे ती समजावण्यात वेळ घालवावा लागला नाही. गंमत होती ती फरकात. आगगाडीच्या जागी बस आली, आणि दरोडेखोर घोड्यांऐवजी सायकलींवरून तिच्या मागे लागले. गावच्या पार्लरमध्ये तो आठवडेच्या आठवडे चालला. त्यानंतर गाजलेल्या हिंदी चित्रपटांची मालेगावी रूपे येत राहिली. फरोग जाफरी हे या मंडळींतले महत्त्वाचे लेखक.

काम करण्याची पद्धत साधनांवरून ठरली. नट यंत्रमागावर किंवा दुकानात काम करणारे, सवड होईल तसे चित्रीकरणाला येणारे. हाताशी होता लग्नसमारंभात वापरतात तसला व्हिडिओ कॅमेरा. सरकते दृश्य घ्यायचे तर कॅमेरावाला सायकलवर बसे आणि दुसरा कोणी सायकल ढकले. कॅमेरा उंच न्यायचा तर बैलगाडी. बैल सोडायचे, एका टोकावर कॅमेरावाल्याने जपून बसायचे आणि बाकीच्यांनी दुसऱ्या टोकावर भार द्यायचा. गाडी उलाळली की कॅमेरा अलगद वर. माल भरताना गाडी उलाळू नये म्हणून जपणाऱ्या माणसांनीच ती मुद्दाम उलाळायची युक्ती काढली. स्त्रियांच्या भूमिकांसाठी मात्र बाहेरगावाहून नट्या बोलवाव्या लागत, कारण गावातल्या मुलींना पडद्यावर यायला घरची मोकळीक नव्हती.

‘मालेगाव का सुपरमॅन’ या चित्रपटाने ही खटपट जगापुढे नेली, कारण तो तयार होत असताना फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट अनेक महोत्सवांत फिरला आणि २०१२ मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत लागला. मालेगावचा सुपरमॅन म्हणजे यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख. अंगाने काडी, लाल चड्डीची नाडी लोंबती. उडण्याच्या दृश्यासाठी हिरवे कापड ताणायचे, शफीकला त्याच्यापुढे आडवे तोलून धरायचे आणि आकाश मागाहून संगणकावर भरायचे. चित्रीकरणात एकदा तर कॅमेराच पाण्यात पडला. हा सुपरमॅन लढतो तंबाखूच्या धंद्यातल्या खलनायकाशी, आणि शहरातल्या धुळीने त्याला स्वतःलाच दमा होतो. मालेगावकर प्रेक्षकाला यातला विनोद आणि यातली तक्रार एकदमच कळते. शफीक शेख यांचे २०११ मध्ये कर्करोगाने निधन झाले.

या चित्रपटांचे परीक्षण दोन ठिकाणी होत आले. पहिले पार्लरमध्ये, तिथल्या तिथे. पडद्यावर शेजारचा पोरगा, ओळखीचा पूल, रोजच्या वाटेवरचे वळण दिसते. प्रेक्षक नटाला नावाने हाका मारतो, फसलेल्या विनोदावर गप्प बसतो. बसणारे बहुतेक पुरुषच, हेही लक्षात ठेवायला हवे. दुसरे परीक्षण बाहेरच्या वृत्तपत्रांतले आणि महोत्सवांतले. त्यात कौतुक भरपूर, पण बहुतेक वेळा माहितीपटाचे किंवा गरिबीचे; मूळ चित्रपट फार थोड्यांनी पाहिलेला. मालेगावच्या चित्रपटावर लिहिणाऱ्याने आधी तो चित्रपट पूर्ण पाहावा, बोली समजून घ्यावी, आणि मग इतर कोणत्याही चित्रपटाबद्दल विचारतो तेच विचारावे : प्रसंग कुठे तुटतो, विनोदाची वेळ साधते का, कथा उसनी असूनही नवे काय सांगते? ‘एवढ्याशा पैशांत किती छान’ म्हणून सोडून देणे हा करणाऱ्यांच्या कष्टांचा अवमानच आहे. बाईच्या वाट्याला आलेल्या तुटपुंज्या भूमिका, कोणाच्या उंचीवरून किंवा शरीरावरून केलेला विनोद, यांवरही स्पष्ट लिहिले पाहिजे.

व्हीसीडी (घरी चित्रपट पाहायच्या तबकड्या) आणि नंतर मोबाइल आल्यावर पार्लरचा धंदा बसला. लांब विडंबनपटांची जागा पंधरा-वीस मिनिटांच्या ‘खानदेशी’ विनोदी फितींनी घेतली. ‘छोटू दादा’ या पात्राच्या फिती तर यूट्यूबवर मालेगावबाहेरही कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या. कॅमेरे सुधारले, मिळकतही होऊ लागली. पण एका खोलीत दाटीवाटीने बसून चित्रपटाचा फैसला करणारा प्रेक्षक पांगला. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांवरचा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये टोरांटो महोत्सवात दाखवला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात लागला. त्यामुळे नव्या पिढीला ही नावे कळली. मूळ चित्रपट मात्र व्हिडिओ फितींवर आणि व्हीसीडीवर आहेत. फितीला बुरशी लागते, तिच्यावरचे चित्र वर्षागणिक पुसट होते. घरोघरी, दुकानांच्या माळ्यांवर पडलेल्या प्रती शोधून त्यांच्या डिजिटल नकला करणे, आणि काम केलेल्यांची नावे ती माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याकडूनच लिहून घेणे, हे काम तातडीचे आहे.