अनशापोटी व्यायाम

रात्रीच्या जेवणानंतर तोंडात काही न घालता सकाळी केलेला व्यायाम. मराठवाड्यात हा विषय निघतो तो पोलीस भरतीच्या मैदानावर, नाहीतर वजन उतरवायला पहाटे फिरणाऱ्यांच्या कट्ट्यावर. पोट रिकामे असले की चरबी जास्त जळते, हा दोन्हीकडचा समज अर्धाच खरा आहे.

शरीराचे इंधन मुख्यतः साखर आणि चरबी. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते. झोपेतही मेंदूला साखर लागतेच, त्यामुळे सकाळपर्यंत यकृतातला साठा बराच उतरतो. स्नायूंतला जवळपास तसाच राहतो. त्या वेळी इन्सुलिनही कमी असते, म्हणून सावकाश चालताना चरबीचा वाटा वाढतो. तासभर आधी भाकर किंवा पोहे खाल्ले तर इन्सुलिन चढते, चरबी सुटणे मंदावते आणि स्नायू साखरेवर चालतात. इंधन बदलते, एकूण खर्च फारसा बदलत नाही. ६० किलोच्या माणसाला धावताना किलोमीटरमागे सुमारे ६० किलोकॅलरी लागतात, खाऊन धावला काय नि उपाशी धावला काय.

पचनालाही ऊर्जा लागते. प्रथिनांतल्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के, पिष्टातल्या ५ ते १० टक्के आणि स्निग्धातल्या फार तर ३ टक्के पचनातच खर्च होते. ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकर साधारण १७० किलोकॅलरी देते आणि पचायला त्यातल्या जेमतेम १०-१५ घेते. हा खर्च भाकर फिरण्याआधी खाल्ली तरी होतो, नंतर खाल्ली तरी होतो.

सकाळी चरबी जास्त जाळणारे शरीर उरलेल्या दिवसात साखर जास्त वापरून हिशेब बराचसा जुळवून घेते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० तरुणींना ४ आठवडे कमी उष्मांकाचा आहार आणि आठवड्यातून ३ दिवस तासभर व्यायाम दिला होता. निम्म्या उपाशी, निम्म्या खाऊन. वजन दोन्ही गटांचे उतरले. गटागटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. आपल्याकडचा उपवास या चर्चेत धरू नये. साबुदाण्याची खिचडी खाऊन निघालेला माणूस अनशापोटी नसतो, उलट पिष्टाने गच्च भरलेला असतो.

भरतीच्या १६०० मीटरला तर चरबीचा प्रश्नच येत नाही. पाच-सहा मिनिटांची ही जिवाच्या आकांताची धाव जवळजवळ सगळी साखरेवर होते आणि त्यात शंभरेक किलोकॅलरी जातात, म्हणजे अर्ध्या भाकरीहून थोड्या जास्त. तेवढे स्नायूंत असतेच. त्रास होतो तो ताटकळण्याने. रात्रीच्या एसटीने आलेले पोरगे पहाटे रांगेत लागते, नंबर येईपर्यंत ऊन चढते आणि पोटात आदल्या रात्रीनंतर पाणीसुद्धा नसते. खिशात दोन केळी किंवा गूळ-शेंगदाण्याची पुडी असलेली बरी, पण ती धावायच्या तासभर आधी संपवावी. भरल्या पोटी धावले की बरगडीखाली कळ येते. पोटभर जेवण असेल तर तीन-चार तास हवेत.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अनशापोटी निघू नये. साखर एकदम उतरली की घाम सुटतो, हात थरथरतात, आणि हा चालण्याचाच घाम समजून आणखी एक फेरी मारणारे लोक असतात.