अमेरिकेतले कॉलेज खेळाडू: पगार आणि नोकरदाराचा दर्जा

अमेरिकेत कॉलेजच्या टीमकडून खेळणाऱ्या पोरापोरींना कॉलेजने पैसे द्यावेत का, आणि द्यायचेच तर त्यांना रीतसर नोकरदार मानून कामगार कायद्यांत बसवावं का, हा तिथला बराच जुना वाद आहे. बोलताना लोक दोन्ही प्रश्न एकात एक करतात पण ते वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर आता बऱ्यापैकी मिळालंय, १ जुलै २०२५ पासून मोठी कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. दुसरा प्रश्न मात्र सगळ्यांनी मिळून टोलवलाय, म्हणजे खात्यात पैसे येतात पण विमा, युनियन, ओव्हरटाइम, जखमेची भरपाई असं नोकरदाराला जे जे मिळतं त्यातलं काही हक्काने मागता येत नाही. खरं भांडण पहिल्यापासून याच गोष्टीवरून होतं, पैशावरून नंतर झालं.

आपल्याकडे इंटर-कॉलेज मॅच म्हटली की रिकामं ग्राउंड आणि पॅव्हेलियनमध्ये चार मित्र, त्यामुळे तिकडचा पसारा आधी सांगायला हवा. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणसं बसतात, आणि असं ते एकटंच नाही. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेटवालं.) कॉलेजांच्या खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था बघते, तिच्यात साधारण ११०० कॉलेजं आणि पाच लाखांच्या आसपास खेळाडू आहेत. मार्च महिन्यात होणाऱ्या बास्केटबॉल स्पर्धेचे टीव्ही हक्क २०१० मध्ये १४ वर्षांसाठी १०८० कोटी डॉलरला गेले आणि २०१६ मध्ये आणखी ८८० कोटी मोजून तो करार २०३२ पर्यंत वाढवला. कोचचे पगार तर विचारू नका, अलाबामाचा निक सेबन वर्षाला १ कोटी डॉलरच्या वर घ्यायचा, आणि टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशरला काढलं तेव्हा कराराप्रमाणे त्याला साडेसात कोटी डॉलरपेक्षा जास्त देणं लागत होतं, तेही घरी बसण्यासाठी. मैदानावर डोकी आपटून घेणाऱ्या पोरांना मात्र फी, राहणं, जेवण, पुस्तकं, बस्स.

एनसीएएचा जन्म गंमतशीर आहे, म्हणजे आता गंमतशीर वाटतो. १९०५ च्या सीझनमध्ये फुटबॉल खेळताना इतकी पोरं मेली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतलं आणि त्या सगळ्या आरड्याओरड्यातून १९०६ मध्ये ही संस्था उभी राहिली, एनसीएए हे नाव १९१० चं. खेळाडूंचा जीव वाचवायला निघालेली संस्था पुढे खेळाडूंच्या जखमांची जबाबदारी कॉलेजवर येऊ नये म्हणून कोर्टात भांडत बसली. खेळ हौशी असला पाहिजे हा तिचा मूळ मंत्र, आणि १९५६ मध्ये तिने फक्त खेळाच्या जोरावर स्कॉलरशिप द्यायला परवानगी दिली तरी तो मंत्र काही सोडला नाही.

त्याच सुमारास जखमी खेळाडूंचे दावे सुरू झाले होते. डेन्व्हर युनिव्हर्सिटीचा एक खेळाडू प्रॅक्टिसमध्ये जखमी झाला, त्याला कॅम्पसवरचं काम फुटबॉल खेळतो म्हणूनच मिळालेलं होतं, आणि १९५३ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च कोर्टाने त्याची कामगार भरपाई मान्य केली. मग १९५५ मध्ये त्याच राज्यातल्या फोर्ट लुइस कॉलेजचा रे डेनिसन मॅचमध्ये डोक्याला मार लागून गेला आणि त्याच्या बायकोने कामगाराच्या विधवेला मिळते ती भरपाई मागितली. १९५७ मध्ये कोर्टाने ती नाकारली, कारण काय तर कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही! एनसीएएचा तेव्हाचा प्रमुख वॉल्टर बायर्स, त्याने या दाव्यांचा धोका बरोबर ओळखला आणि खेळाडूंना सगळीकडे ‘स्टुडंट-ॲथलीट’ म्हणायचं अशी सक्ती केली, करारात, नियमात, बातम्यांत, सगळीकडे. हा आरोप विरोधकांचा नाही बरं का, निवृत्त झाल्यावर १९९५ मध्ये बायर्सने आपल्या आठवणींत स्वतःच लिहून ठेवलंय. १९७४ मध्ये अलाबामाविरुद्ध खेळताना टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीच्या केंट वॉल्ड्रेपचं अंग लुळं पडलं, त्याचाही भरपाईचा दावा शेवटी २००० मध्ये फेटाळला गेला, तो कामगार नव्हता म्हणून.

हौशीपणाचे नियम किती बारीक असावेत? कॉलेजने खेळाडूला मधल्या वेळेला खायला बेगल (भोकाचा गोल पाव) दिला तर चालायचा, पण त्यावर क्रीम चीज लावलं की ते ‘जेवण’ धरलं जायचं आणि नियम मोडायचा. हे खरंच २०१३ पर्यंत चालू होतं. २०१४ मध्ये कनेक्टिकट युनिव्हर्सिटीचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर, जो त्या वर्षी स्पर्धा जिंकून देणार होता, पत्रकारांना बोलून गेला की कधीकधी रात्री उपाशी झोपावं लागतं, त्यानंतर काही दिवसांतच जेवणावरची मर्यादा उठली. ओहायो स्टेटच्या पोरांनी आपल्याच जर्सी, अंगठ्या वगैरे देऊन टॅटू काढून घेतले तर केवढा गहजब झाला, २०११ मध्ये कोचला राजीनामा द्यावा लागला. फुटबॉलपटू रेजी बुशने पैसे घेतल्यावरून २०१० मध्ये त्याची हाइसमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची) गेली, ती २०२४ मध्ये परत मिळाली, कारण तोपर्यंत पैसे घेणं हा गुन्हाच उरला नव्हता.

खरी भिंत पाडली ती मक्तेदारीविरोधी कायद्याने. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए युनिव्हर्सिटीच्या १९९५ च्या विजेत्या बास्केटबॉल टीममधला एड ओबॅनन, त्याने एका ओळखीच्या घरी व्हिडिओ गेममध्ये स्वतःलाच खेळताना पाहिलं, तोच ३१ नंबर, तोच डावखुरा, तेच टक्कल, फक्त नाव नाही आणि अर्थात पैसेही नाहीत. २००९ मध्ये त्याने केस केली आणि २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एनसीएएच्या विरुद्ध निकाल दिला, जो अपिलात थोडा छाटला गेला. मग २०२१ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर भरलेला ऑल्स्टन खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि निकाल लागला ९-०, या कोर्टात नऊच्या नऊ जण एका बाजूला म्हणजे काय ते समजा. मुद्दा छोटाच होता, अभ्यासाशी निगडित फायद्यांवर मर्यादा घालता येईल का एवढाच, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं मत लिहून एनसीएएला खडसावलं की मजुरांना बाजारभाव न देणं हेच आमच्या मालाचं वैशिष्ट्य, असं दुसरा कुठला धंदा म्हणाला असता तर चाललं नसतं. दहाएक दिवसांत, १ जुलै २०२१ ला, एनसीएएने खेळाडूंना नाव, चेहरा आणि ओळख विकायची मोकळीक दिली. तिथे याला एनआयएल म्हणतात. कॅलिफोर्नियाने असा कायदा २०१९ मध्येच केला होता आणि मागोमाग इतर राज्यंही आली होती, त्यामुळे ही मोकळीक मनापासून दिली असं कुणी समजू नये.

एनआयएलमध्ये पैसे बाहेरच्यांचे. कागदावर जाहिरात, प्रत्यक्षात कॉलेजच्या श्रीमंत चाहत्यांनी ‘कलेक्टिव्ह’ नावाच्या मंडळ्या काढून खेळाडू पळवायला सुरुवात केली. शेवटी पोहणारा ग्रँट हाऊस आणि इतरांच्या खटल्यात तडजोड झाली, तीही विल्कन यांनीच ६ जून २०२५ ला मंजूर केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर, आणि पुढे प्रत्येक कॉलेजला पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंत वाटता येतील. आता बघा, कॉलेज पैसे देतं, वरची मर्यादा ठरलेली, करारावर सह्या, पण ही मर्यादा कुणा युनियनशी वाटाघाटी करून आलेली नाही. प्रोफेशनल लीगमध्येही अशी मर्यादा असते, तिथे ती खेळाडूंच्या युनियनने मान्य केलेली असते, आणि इथे युनियनच नाही.

युनियनचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या फुटबॉलपटूंनी केन कोल्टरच्या पुढाकाराने २०१४ मध्ये राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे अर्ज केला आणि मंडळाचे विभागीय संचालक पीटर ओर यांनी त्यांना चक्क नोकरदार ठरवलं. त्यांचा निकाल म्हणजे खेळाडूंच्या आठवड्याचा पंचनामाच आहे: एनसीएएची मर्यादा २० तास, पण सीझनमध्ये ४० ते ५० तास फुटबॉलला जायचे आणि ऑगस्टच्या कॅम्पात त्याहून जास्त, शिवाय बाहेर नोकरी करायची, सोशल मीडियावर काय लिहायचं, सगळ्यावर कोचची नजर. ज्याचे तास दुसरा ठरवतो आणि कामाच्या बदल्यात मोबदला देतो तो नोकरदार, हा साधा हिशोब. पण ऑगस्ट २०१५ मध्ये वरच्या मंडळाने हात झटकले. खेळाडू नोकरदार नाहीत असं म्हटलंच नाही, एवढंच म्हटलं की हे मंडळ खाजगी संस्थांपुरतं, आणि वरच्या श्रेणीतल्या सव्वाशेएक टीममध्ये खाजगी १७, तेव्हा एकाच टीमला युनियन देऊन गोंधळ होईल. पुढे मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल टीमने १३-२ मतांनी युनियन निवडली, तिथे तर स्पोर्ट्स स्कॉलरशिपसुद्धा नसते, पण मंडळात ट्रम्पची माणसं येणार हे दिसल्यावर डिसेंबरच्या शेवटी अर्ज मागे घेतला. निकाल विरुद्ध गेला असता तर सगळ्यांचाच रस्ता बंद झाला असता म्हणून.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. बहुतेक कॉलेजांचे क्रीडा विभाग नफ्यात नाहीत, आणि पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स हे खेळ फुटबॉलच्या पैशावर जगतात, अमेरिकेची ऑलिंपिक टीमसुद्धा बरीचशी तिथूनच तयार होते. पगार चालू झाले तर आधी हेच खेळ बंद होतील अशी भीती आहे. नोकरदार म्हटलं की कामावरून काढणंही आलं, स्कॉलरशिपवर टॅक्सही येऊ शकतो. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याप्रमाणे मुलींना बरोबरीची संधी द्यावी लागते, मग २ कोटींतले बहुतेक फुटबॉलच्या मुलांना कसे देणार, यावर बायडन सरकारने जानेवारी २०२५ मध्ये हे पैसेही टायटल नाइनखाली येतात असं म्हटलं आणि ट्रम्प सरकारने फेब्रुवारीत ते मागे घेतलं. पण एका गोष्टीचं उत्तर विरोधकांकडून नीट येत नाही. त्याच कॉलेजात मॅचच्या दिवशी तिकिटं फाडणारा किंवा पॉपकॉर्न विकणारा विद्यार्थी तासाप्रमाणे पगार घेतो आणि त्याच्या शिक्षणाला काही होत नाही, मग ज्याला बघायला लोक तिकीट काढतात त्याचंच शिक्षण कसं बिघडतं? हाच मुद्दा खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या जॉन्सन खटल्यात आला आणि जुलै २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टाने सांगितलं की हौशीपणाचं नाव पुढे करून खेळाडूंना किमान वेतन कायद्याबाहेर सरसकट ठेवता येणार नाही, प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष परिस्थिती बघावी लागेल. दुसऱ्या बाजूने २०२५ मध्ये संसदेत विधेयक आलं, ज्यात खेळाडूंना नोकरदार मानायचंच नाही अशी तरतूद आहे.

आपल्या वाचकाला यात विचित्र हे वाटेल की खेळाडूला नोकरदार करणं हीच तर आपली जुनी पद्धत. पॅरिसला कांस्य जिंकलेला कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे मध्य रेल्वेत टीसी होता. फरक एवढाच की रेल्वे त्याच्या खेळावर तिकिटं विकत नाही.

भारतातून स्कॉलरशिपवर तिकडे जाणाऱ्यांना या सगळ्याचा फारसा उपयोग नाही. कॅन्सस स्टेटकडून उंच उडीत २०१८ आणि २०२२ मध्ये एनसीएए विजेता झालेला तेजस्विन शंकर त्यातलाच. बाहेरून आलेले बहुतेक एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असतात, आणि त्या व्हिसावर कॅम्पसबाहेर काम करून पैसे कमवायला जवळपास बंदी, त्यामुळे शेजारच्या लॉकरवाला जाहिरात करतो आणि हे बघत बसतात. काहींनी पळवाट काढली. केंटकीचा ऑस्कर चिब्वे, मूळचा काँगोचा, ऑगस्ट २०२२ मध्ये टीमबरोबर बहामाजला खेळायला गेला तेव्हा जाहिरातींची कामं त्याने तिथेच उरकून घेतली, कारण अमेरिकेच्या हद्दीबाहेर केलेल्या कामाला ती अट लागत नव्हती.