एक लाख लुमेन आणि एकच सेल

ऑनलाइन बाजारात पाच-सहाशे रुपयांचे टॉर्च दिसतात. डब्यावर ‘1,00,000 लुमेन’ (लुमेन म्हणजे उजेडाचं माप), आतल्या 18650 सेलवर ‘9900 एमएएच’ (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची साठवणक्षमता). 18650 म्हणजे 18 मिलिमीटर व्यासाचा, 65 मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन सेल. एवढ्याशा नळकांड्यात नामांकित कंपन्यांचीही मजल साधारण 3500 एमएएचपर्यंतच जाते. 9900 हा आकडा फक्त छापखान्यात तयार होतो.

पण एमएएच खरे असले तरी भागत नाही. खरी गंमत सेलच्या अंतर्गत रोधात, म्हणजे सेल स्वतःच धारेला करतो त्या अडथळ्यात आहे. शाळेच्या गणितात तो ‘नगण्य मानावा’ असं लिहिलेलं असायचं, आणि मिलिअँपिअरच्या हिशोबात ते चालूनही जायचं. शौकिनांच्या टॉर्चमध्ये धारा 5 ते 10 अँपिअर असते. तिथे 0.08 ओहमचा रोध 10 अँपिअरला 0.8 व्होल्ट गिळून टाकतो.

क्री कंपनीचा एक्सएचपी70 हा एलईडी घ्या. 6 व्होल्टच्या जोडणीत तो 3 अँपिअरवर चालवला तर 18 वॅट लागतात. सेल मात्र भरलेला असतानाही 4.2 व्होल्टचाच. म्हणून मध्ये व्होल्टेज चढवणारा बूस्ट ड्रायव्हर बसवतात. त्याची कार्यक्षमता 90 टक्के धरली तर तो सेलकडून 20 वॅट मागतो. सेलचा व्होल्टेज किती उरलाय याची त्याला फिकीर नसते. व्होल्टेज उतरला की तो 20 वॅट भरून काढायला जास्त धारा ओढतो. धारा वाढली की अंतर्गत रोधामुळे व्होल्टेज आणखी पडतो, की पुन्हा धारा वाढते!

हे चक्र थांबतं कुठे? सेलचा मूळ व्होल्टेज E, रोध r आणि मागणी P असेल, तर धारेसाठी वर्गसमीकरण मिळतं: rI² − EI + P = 0. सेल 3.5 व्होल्टवर आलाय असं समजू. रोध 0.03 ओहम असेल तर धारा 6 अँपिअर आणि टोकांशी 3.3 व्होल्ट. रोध 0.08 असेल तर धारा 6.8 अँपिअर आणि टोकांशी जेमतेम 2.96 व्होल्ट. ड्रायव्हर 3 व्होल्टला बंद पडणारा असेल, तर दुसऱ्या सेलवर टॉर्च विझतो. सेल बाहेर काढून मीटर लावावा तर तो 3.5 दाखवतो, आणि शिव्या टॉर्चला बसतात.

आता मागणी 40 वॅट करा. 0.08 ओहमच्या सेलसाठी वर्गमुळाखालचं E² − 4Pr ऋण येतं, म्हणजे समीकरणाला वास्तव उत्तरच नाही. सेल जास्तीत जास्त E²/4r एवढीच शक्ती देऊ शकतो. इथे 38 वॅट. त्या टोकाला तेवढीच उष्णता सेलच्या आतही तयार होत असते. याच सूत्राने एक लाख लुमेन तपासा. वॅटला 150 लुमेन असा उदार हिशोब धरला तरी साडेसहाशेहून जास्त वॅट हवेत. 0.03 ओहमचा, 4.2 व्होल्टपर्यंत भरलेला सेल कमाल 147 वॅट देईल, तेही क्षणभर.

मग कमीत कमी रोधाचा सेल सगळीकडे चांगला? नाही. एफईटी ड्रायव्हर, म्हणजे ट्रान्झिस्टरचा नुसता स्विच वापरणारा ड्रायव्हर, उजेडाच्या सर्वांत वरच्या पातळीवर सेल जवळजवळ थेट एलईडीला जोडतो. धारेला लगाम असतो तो सेल, स्प्रिंग आणि स्विच यांच्या रोधाचाच. त्यात कमी फॉरवर्ड व्होल्टेजचा (म्हणजे कमी व्होल्टेजवरच पेटणारा) एलईडी असेल, तर 20 अँपिअर देणारा सॅमसंग 25आर सेल त्याला जाळू शकतो. अशा टॉर्चमध्ये रोध कमी करायला स्प्रिंगवर तांब्याची तार डकवण्याआधी थोडं थांबावं.

मंद उजेडात तासन्‌तास चालवायचं असेल तर 3400 एमएएचचा पॅनासॉनिक एनसीआर18650बी घ्यावा. वरच्या 20 वॅटच्या बूस्टसाठी 3000 एमएएचचाच, पण 15 अँपिअर झेपणारा सॅमसंग 30क्यू बरा. आणि ‘नवा सेल आधी बारा तास चार्ज करा’ हा दुकानदारी मंत्र विसरा. तो जुन्या निकेल सेलच्या काळातला आहे, लिथियम-आयन 4.2 व्होल्टला पोचून धारा उतरली की चार्जिंग संपलं.